टाचेला धुरा लागेपर्यंत

आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी बालाघाटात राहते आणि बाई खैरलांजीकडच्या एका खेड्यात. मी सरकारी शाळेत पोरांना हिंदीतून गणित शिकवून रिटायर झाले. बाई शाळेत गेलीच नाही, ती बांधीत गेली. धानाच्या वावराच्या एका तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला धुरा. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून, मागं मागं सरकत धान लावायचा, हे काम बाईनं फ्रॉक घालायच्या वयापासून केलं. तिच्यासारखी सरळ ओळ गावात कोणाची यायची नाही, आणि हे तिला ठाऊक होतं, त्यामुळं रोवणीत ती थोडी तोऱ्यातच असायची.

तिचा एकुलता एक लेक मोटारसायकलवर कटंगीच्या बाजाराला गेला आणि ॲम्ब्युलन्समधून परत आला. भाऊजी तर आधीच गेलेले. पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, भंतेजी येऊन गेले, पाहुणे पांगले. सून काही महिने राहिली आणि मग लेकरू घेऊन माहेरी गेली. तरणी पोर, तिला मी कधी नाव ठेवलं नाही, ठेवणाऱ्यांशी भांडलेच उलट. त्या साली बाईनं वावर अधियानं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकलं आणि रोवणीला पाय घातला नाही. सकाळी एकदा भात शिजवायची, संध्याकाळी त्यातच पाणी घालून खायची, नाहीतर नाही खायची. काही विचारलं तर हौ म्हणायची किंवा नाही म्हणायची.

मला माणूस असं गप्प बसलेलं सोसत नाही. माझा स्वभावच तसा, नळ गळताना दिसला की मी दुसऱ्याच्या घरातही उठून बंद करते. बाईला मी गोंदियाच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्या दिल्या त्यांनी, तिनं त्या खाल्ल्या आणि दिवसभर झोपली. विहारात नेलं. माझ्या घरी आणून टीव्हीपुढं बसवलं. एक शेळी घेऊन दिली, म्हटलं जिवाला जीव राहील. शेळी खाऊन खाऊन लठ्ठ झाली आणि बाई वाळत गेली. दर वेळी मला वाटायचं आता हिच्यात काहीतरी हलेल, आणि दर वेळी मी हात हलवत घरी यायची. मला एकच पाहिजे होतं. तिनं एकदा तरी म्हणावं की मले हे पाह्यजे. चहा पाह्यजे म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आमचा इथं सकाळी फिरणाऱ्या रिटायर्ड लोकांचा ग्रुप आहे. वैनगंगेच्या पुलाकडं जायचं, यायचं, मग टपरीवर बसून सरकारला शिव्या घालायच्या. त्यात एक जण जंगलखात्यातून रिटायर झालेले, गळ्यात कायम शिट्टी. त्यांना आम्ही रेंजरसाहेब म्हणतो. त्यांच्या डोक्यात आलं की ह्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मनालीच्या वर जाऊन बर्फात ट्रेकिंग करायचं. वरिष्ठ नागरिकांसाठी वेगळी टूर असते म्हणे, रोज थोडं थोडं चालायचं. मेच्या उन्हात इकडं भट्टी पेटलेली, बर्फ म्हटल्याबरोबर सगळे तयार झाले. माझं आणि आमच्या ह्यांचं नाव आम्ही दिलं. हे भरवेलीच्या खाणीत जन्म काढलेले, गुडघे तिथंच ठेवून आले. जायची वेळ आली तशी ते पायरीही उतरेनात.

"मी त काही येत नाही बापा," हे म्हणाले.

"तुमच्या जागी बाईले नेते मी."

"तिले बरफ दाखवून काय होनार हाय?"

"तुमाले काय समजते?" मी म्हटलं आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

बाईला फोनवर विचारलं. माझी सगळी तयारी होती, कसं पटवायचं, काय काय सांगायचं. ती नुसती हौ म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिथंच तिच्यासाठी स्वेटरचा रंग ठरवून टाकला.

गोंदियाहून गाडी, दिल्लीहून बस. वाटेत सगळ्यांचे चिवडे आणि चटण्या निघाल्या, रेंजरसाहेबांची भाषणं निघाली. बाई खिडकीशी बसून होती. दिलं ते खाल्लं. मनालीला कोट आणि गमबूट भाड्यानं घ्यायचे होते. तिच्या मापाचा म्हणून दुकानदारानं एक गुलाबी, केसाळ कोट काढला, कोण्या नव्या नवरीसाठी ठेवलेला असावा. बाईनं तो लुगड्यावर घातला आणि उभी राहिली. ग्रुपमधल्या बाया हसून हसून वाकल्या. मला वाटलं आता ही तरी हसेल, निदान कोट फेकून देईल. तिनं बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी गाड्यांनी वर नेलं आणि तिथून चालायला सुरुवात झाली. आमच्याबरोबर तिथलाच एक गाईड होता, चाळिशीचा, उन्हानं तोंड रापलेलं, प्रत्येक बाईला माताजी म्हणणारा. आधी हिरवळ होती, मग देवदार संपले, मग कुठंतरी कडेला मळकट बर्फाचे ढीग दिसले, कापूस पिंजून टाकल्यासारखे. वाटेत एका खिंडीशी दोरीला रंगीत पताका बांधलेल्या होत्या, त्यांच्यावर काहीबाही छापलेलं.

"हे आपलेच लोक व्हय?" बाईनं विचारलं.

घरून निघाल्यापासून आपणहून विचारलेला हा तिचा पहिला प्रश्न. मी तिथंच थांबले. मी तिला सांगितलं की हौ, हेही बुद्धालाच मानतात, ह्या पताकांवर प्रार्थना असतात, वारा लागला की त्या सगळीकडं जातात. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं आणि जे माहीत नव्हतं तेही. तिनं ऐकून घेतलं, हात जोडले आणि पुढं निघाली. मी मागून तिच्या पाठीकडं बघत चालले होते आणि मला वाटत होतं, मी बरोबर केलं. डॉक्टरला नाही जमलं ते मी करून दाखवणार. घरी फोन करून ह्यांना ऐकवायचं, हेसुद्धा माझं ठरलं.

मग खरा बर्फ लागला. सगळं पांढरं, डोळे दिपून जात होते. साठी उलटलेली माणसं पोरांसारखी झाली. बँकेतून रिटायर झालेल्या एका गंभीर माणसानं रेंजरसाहेबांच्या कॉलरमध्ये बर्फ टाकला. बायांनी गोळे केले, फोटो काढले, एकीनं चाखून पाहिला. बाईनं खाली वाकून मूठभर उचलला, हातात धरून ठेवला. त्याचं पाणी झालं तसा हात कोटाला पुसला. मी विचारलं, कसा वाटते. ती म्हणाली, थंडा हाय.

चढताना फारसं काही झालं नाही. धापा सगळ्यांनाच लागत होत्या. मजा उतरताना झाली. उतार मोठा होता आणि दुपारच्या उन्हानं वरचा बर्फ घसरडा झालेला. गाईड सांगत होता, टाच रुतवा, आडवे चाला, काठी खाली टेका. ऐकतंय कोण. एक जण बसला तो बसूनच खाली गेला. त्याचं बघून दुसरा. एका वजनदार गृहस्थांनी तर उठायचंच नाकारलं, म्हणाले हेलिकॉप्टर बोलवा. गाईड त्यांना उचलायला मागं राहिला आणि रेंजरसाहेब शिट्टी वाजवत सगळ्यात पुढं.

बाई माझ्या दोन हात पुढं होती. तिनं एकदा उताराकडं पाहिलं. मग लुगड्याचा ओचा वर खोचला, उताराकडं पाठ केली, कंबरेत वाकली आणि मागं मागं उतरायला लागली. एक पाऊल मागं, रुतवायचं, मग दुसरं. पुढचा हात बर्फाला टेकलेला. रोवणीत चालतात अगदी तसं. एकदाही घसरली नाही. गाईडनं वरून पाहिलं आणि ओरडला, "देखो, माताजी को देखो! सही उतर रही हैं! ऐसे ही उतरो सब!"

मग काय. आमच्यातल्या बहुतेक बाया खेड्यातल्याच, आता बालाघाटात टाइल्सच्या घरात राहतात एवढंच. सगळ्या वळल्या. कोणी साडी खोचली, कोणी पँटचे पाय वर केले, आणि पांढऱ्या उतारावर वाकून मागं मागं सरकणाऱ्या बायांची ओळ तयार झाली. एकीनं रोवणीचं गाणं धरलं. दुसऱ्या दोघींनी उचललं. खालून रेंजरसाहेब मोबाईलमध्ये व्हिडिओ काढत होते. मीही वळले होते. शहरात राहून माझी कंबर लाकूड झालेली, पण पाय विसरले नव्हते. आणि माझ्या खाली बाई होती, सगळ्यांच्या पुढं, त्या गुलाबी कोटात, हात पाय लयीत चालत होते. तिच्या अंगाला काम आठवलं होतं. मला रडू आलं. मी हमसून हमसून रडत बर्फावरून उतरत होते आणि मनात म्हणत होते, आली, माझी बाई परत आली.

वाट थोड्या अंतरावर डावीकडं वळत होती. वळणाच्या पलीकडं उतार सरळ खाली जाऊन एका नाल्यावर संपत होता. नाला दिसत नव्हता, वर बर्फाची साय धरलेली. खालून पाणी वाहत असतं आणि वरून सगळं सपाट, हे गाईडनं सकाळीच बजावून सांगितलं होतं. बाकीच्या बाया वळणावर थांबल्या. बाई थांबली नाही.

"माताजी, बाएँ! बाएँ!" गाईड वरून ओरडला.

मी ओरडले, "बाई! मागं पाह्य! मागं पाह्य वं!"

तिनं मागं पाहिलं नाही. त्याच लयीत एक पाऊल, दुसरं पाऊल. मग तिच्या पायाखालचं दबलं आणि ती सरळ खाली गेली, काखेपर्यंत. कोट फुगून बर्फावर पसरला म्हणून ती तिथं अडकली. नाहीतर खालच्या पाण्यानं तिला कुठं नेलं असतं ते मला आजही मनात आणवत नाही. तिचे हात बर्फावर पसरलेले होते आणि तोंड आमच्याकडं. तोंडावर काही नव्हतं. भीती नव्हती, हाक नव्हती. मी घसरत, पडत तिच्याकडं निघाले तर गाईड मला मागं ओढून पुढं धावला. पोटावर झोपून त्यानं तिला दोरी दिली. दोरी तिच्या हाताला लागली तरी तिनं ती धरली नाही. त्यानंच पुढं सरकून ती तिच्या काखेतून घातली, आणि रेंजरसाहेबांनी आणि अजून दोघांनी ओढलं.

वर आली तेव्हा एक गमबूट नाल्यात गेलेला. मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि चोळत चोळत तिला बोल बोल बोलले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "मागं पाहाचं नाही का माणसानं?"

"रोवताना कोन मागं पायते?" बाई म्हणाली. "धुरा आला का टाचेले लागतेच. मंग थांबाचं."

सगळे एकदम हसले. घाबरून गेलेली माणसं हसतात तसं, जास्तच. गाईडला कोणीतरी हिंदीत समजावून सांगितलं की आमच्या धानाच्या वावराला कडेनं बांध असतो, टाच त्याला लागली की ओळ संपली असं समजायचं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, माताजी, यहाँ कोई बाँध नहीं है. पुन्हा हशा. मीही हसले. सवय ती सवय, म्हटलं. एवढं लांब वाक्य ती वर्षभरात बोलली नव्हती, आणि मला त्याचंच कौतुक.

मुक्कामाच्या तंबूत आलो तेव्हा अजून ऊन होतं. समोरच्या डोंगरावर ते पिवळं पिवळं पडलेलं. गाईडनं बाईसाठी गरम पाण्याची पिशवी पाठवली, चहा पाठवला. बाकीचे बाहेर व्हिडिओ बघत होते. पडल्याचा भाग रेंजरसाहेबांनी कापून टाकला होता आणि उतरत्या बाईचा तेवढा ग्रुपवर टाकला होता, खाली हात जोडलेले आणि फुलांचे पन्नास निशाण. मी बाईला दाखवला. तिनं पाहिला. मी तिच्या शेजारी टेकले आणि जे मघापासून विचारायचं होतं ते विचारलं.

"बाई, तू आवाज काहून नाही देल्ला? दोरी काहून नाही धरली?"

तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आत पडली ना मी, तवा पोरगा मनात नव्हता. तो गेला तवापासून पयल्यांदा. काहीच नव्हतं मनात. थंडं थंडं, आन पान्याचा आवाज." चहाचा घोट घेऊन म्हणाली, "मंग तुमी वर काढलं. वर आल्याबरोबर आठोला."

तिचा आवाज नेहमीचाच होता. तक्रार नव्हती त्यात. वर्षभर मी तिला इतकं काही सांगत आले होते, वेळ जाईल तसं कमी होईल, लेकराकडं पाहा, बुद्धानं काय सांगितलंय, आणि त्यातलं एकही वाक्य त्या तंबूत तोंडातून निघालं नाही. तिच्या पायाला धरून बसले फक्त. पाय गरम झाला होता. बाहेर सगळे चहा पीत होते, कोणीतरी मला हाक मारत होतं की ये, फोटो काढू.

उरलेले दिवस ती नीट चालली. मी मात्र एक क्षणही तिचा हात सोडला नाही. रेंजरसाहेब म्हणायचे, काय मॅडम, बहिणीला लहान लेकरासारखं धरता. मी त्यांना काही सांगितलं नाही. कोणालाच नाही. उतारावर आलो की मी तिच्या खाली राहायची. तिला ते कळत होतं असं मला वाटतं, कारण एकदा ती म्हणाली, "नाही जात मी, चाल तू पुढं." मी तिचा हात धरून तिथंच राहिले.

बालाघाटला परत आलो तर ऊन तसंच भाजत होतं. माझ्या घरी राहा चार दिवस म्हटलं तर ती नाही म्हणाली, शेळी शेजाऱ्यांकडं हाय. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. खैरलांजीची बस लागलेली होती, ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. सावलीत आम्ही दोघी उभ्या. माझं तोंड गप्प बसत नाही, ह्याचा मला तिथं राग आला, तरी मी बोललेच.

"हिवाळ्यात पुरीले जाऊ बाई. समुद्र पाह्यला नाही ना तू. पायी नाही चालाचं तिथं, नुसतं बसाचं. चांगलं वाटन तुले."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या कपाळावर घामानं चिकटलेले केस तिनं बोटानं मागं केले, लहानपणी शाळेत जाताना करायची तसे.

"जिथं नेशीन तिथं येईन मी," ती म्हणाली. "पन मले चांगलं वाटन म्हनून नको नेऊ. ते काही होत नाही आता."

"मंग आली कायले होतीस?"

"तुह्यासाठी आलती. तुले माहा घोर लागून राह्यला. पाह्यवत नाही मले." कंडक्टरनं बसच्या पत्र्यावर थाप मारली. बाईनं पिशवी उचलली आणि विचारलं, "तुले वाटलं का थोडं चांगलं?"

"हौ," मी म्हणाले.

"झालं मंग," बाई म्हणाली आणि बसमध्ये चढली.